सुनेचं पातेलं

वखारवाल्यांचं दुपारचं जेवण झालं की गल्लीतले लोक घड्याळं लावून घेत. हात धुऊन वखारवाले असा ढेकर देत की समोरच्या शिंप्याच्या हातातली सुई गळून पडे. एकदा तर शेजारी कडाक्याचं भांडण चाललं होतं. त्या दोघी जणींना वाटलं आभाळ गडगडलं, म्हणून वाळत घातलेले कपडे काढायला धावल्या आणि त्या गडबडीत त्यांचं भांडणच मिटलं. खोटं वाटत असेल तर शिंप्याला विचारा. तो याहून वाढवून सांगेल.

लाकडाची वखार म्हणून ते वखारवाले. त्यांच्या बायकोला गल्ली पळीकाकू म्हणे, कारण हातात पळी नसलेल्या पळीकाकू कोणी पाहिल्याच नव्हत्या. स्वयंपाकघर हे त्यांचं राज्य, आणि त्या राज्यात माशीसुद्धा विचारून बसे. सुनेने भाजी चिरायची, भांडी घासायची, पाणी भरायचं; पण शिजलेल्या अन्नाला हात लागायचा तो पळीकाकूंचाच. मीठ त्यांचं, चव त्यांची, वाढणं त्यांचं.

पंगतीही त्यांनीच लावलेल्या. पहिल्या पंगतीला वखारवाले आणि दोन मुलगे, थोरला आणि धाकटा. भात शेगडीवरून थेट ताटात. वाफ नाकाला लागली नाही तर वखारवाले ताट सरकवत. लेक रविवारी भेटायला आली की तीही याच पंगतीला बसे. दुसऱ्या पंगतीला पळीकाकू एकट्या. त्यानंतर जे उरेल, म्हणजे थोडा भात, थोडी भाजी, रश्श्याचा तळ, ते सगळं त्या एका पातेल्यात ओतत, हाताने चांगलं कालवत, वर झाकण ठेवत आणि पातेलं विझत्या शेगडीच्या कडेला सरकवून देत. त्याला घरात नावच होतं, सुनेचं पातेलं.

सुनेने ते लगेच उघडायचं नसे. आधी भांडी, मग ओटा, मग फरशी, मग कपडे. मग वखारवाल्यांची झोप होऊ द्यायची, झोपेवरचा चहा द्यायचा, आणि तो कप विसळून झाला की सुनेचं जेवण. तोवर पातेल्यातलं अन्न धड गरम नसे, धड गारही नसे. ते ओट्याशी उभ्या उभ्या खायचं.

यात कोणाला काही वावगं वाटत नव्हतं. खटकायचं ते एवढंच, की या घराला सुना लाभत नाहीत.

थोरल्याची पहिली बायको वर्षाच्या आत तापाने गेली. वर्षश्राद्धाच्या आधी दुसरी आणली. तिलाही तसाच ताप. ती मेली नाही, हा तिचा अपराध. अंगावर नुसती हाडं उरली तेव्हा तिला माहेरी पोचवलं आणि सांगितलं, "बरी झाली की कळवा." ती बरी झाली. तिने कळवलंही. उत्तर गेलं नाही.

गल्लीने या दुखण्याचं नाव ठेवलं माहेरचा ताप. मुलगी तो माहेराहून अंगात घेऊन येते आणि सासरी आल्यावर तो उतू जातो, असं शास्त्र. पुरावा बिनतोड होता. घरातल्या पुरुषांना तो होत नाही, सासूला होत नाही, लेकीला होत नाही. होतो तो परक्या पोरीलाच. मग खोट कोणाची? हा निष्कर्ष अडाण्यांनी काढला होता असं समजू नका. थोरला चांगला पदवीधर होता.

त्या रविवारी पहिली पंगत नुकतीच उठली होती. मोरीवर धाकट्याची बायको, घरात तिला धाकटीच म्हणत, भांडी घासत होती. लग्नाला वर्षही झालं नव्हतं. हातातून ताट निसटलं आणि घरभर खणखणाट झाला.

"काय फोडलंस?"

"काही नाही आई, स्टीलचं आहे."

"स्टीलचं आहे म्हणून आपटायचं? माहेरी काय ताशा वाजवत होतीस?"

"जरा गरगरतंय. चार दिवस झाले, अंग तापतंय."

पळीकाकूंनी तिच्या कपाळाला उलटा हात लावला आणि चटका बसल्यासारखा काढला. "घ्या! हिचंही माहेर उतू आलं. अहो ऐकलंत का, तिसरी!"

वखारवाले पलंगावर आडवे झाले होते. उठायची तसदी न घेता म्हणाले, "आजच्या आज पोचवून या. मेली तर आपल्या माथी मारतील."

धाकटा दारात उभा होता. "अण्णा, एकदा डॉक्टरला दाखवू या का?"

"दोघींना दाखवलं, काय उपयोग झाला? मुळातच किडकं लाकूड असलं तर रंधा मारून काय होणार?"

"मग तुमच्या वखारीत किडकं लाकूड तेवढं चालतं, आणि घरात नाही, असं का अण्णा?"

हे बोलली ती लेक. बडीशेप तोंडात होती ती तिने थुंकून टाकली, धाकटीच्या खांद्याभोवती हात घातला आणि धाकट्याला रिक्षा आणायला पिटाळलं. दवाखान्यात जाईपर्यंत धाकटी एकच गोष्ट विचारत होती, "ताई, मला परत आणाल ना? त्यांच्यासारखं नाही ना करणार?" तिची जाऊ, ती माहेरी सोडलेली, तिला ठाऊक होती. आपलं दुखणं बरं होईल का, यापेक्षा बरं झाल्यावर आपल्याला घर असेल का, याचीच त्या पोरीला धास्ती.

ताई म्हणजे गल्लीच्या भाषेत तापवाली. शहराच्या दुसऱ्या टोकाला तापांवर संशोधन करणारं केंद्र होतं, तिथे ती साथींचा माग काढायची. रोग कुठून निघाला, कोणाच्या हातून कोणाच्या पोटात गेला, ते शोधत वस्त्यावस्त्यांतून फिरायची. चोरांच्या मागे पोलीस असतात तशी ती जंतूंच्या मागे. फरक एवढाच की तिला चोर सापडत. लग्न केलं नाही म्हणून पळीकाकू तिच्यावर जन्माच्या रागावलेल्या. "लोकांचे ताप मोजत बसते आणि मला ताप देते," असं त्या चारचौघांत म्हणत.

आता तुम्ही म्हणाल, एवढी हुशार होती तर दोन सुना हातच्या जाईपर्यंत झोपली होती काय? होतीच. पहिली गेली तेव्हा ती परगावी शिकत होती. दुसरीच्या वेळी घरच्यांनी सांगितलं, पोरीच्या अंगात रक्तच नाही. तिने ते ऐकून घेतलं. परक्याच्या घरात शिरून शौचालयापासून माठापर्यंत चौकशी करणारी माणसं स्वतःच्या घरात चपला काढतात तेव्हा डोळेही बाहेरच ठेवतात.

धाकटीच्या रक्तात विषमज्वराचे, म्हणजे टायफॉइडचे, जंतू निघाले. केंद्राचे साहेब म्हणाले, "पाणी बघा." विषमज्वर म्हटलं की साहेबांना पाणीच दिसे. ताईने घरातल्या नळाचं पाणी तपासलं, माठातलं तपासलं, शेजारच्यांचं तपासलं. स्वच्छ. शिवाय माठ एकच, पेला एकच, आणि ताप मात्र एकटीलाच.

मग ती धाकटीच्या खाटेशी जाऊन बसली. वस्तीत विचारायची तेच तिने विचारलं.

"बाहेरचं काही खाल्लं होतंस?"

"मी बाहेर कधी जाते, ताई?"

"मग घरी काय खाल्लंस?"

"तुम्ही खाता तेच. तोच भात, तीच भाजी."

"ते खाऊन मला काही झालं नाही. अण्णांना नाही, दादाला नाही."

धाकटीने डोळे मिटले. तिला वाटलं, संपलं, आता ताईही माहेरावरच येणार. हळूच म्हणाली, "तुम्ही वाफेचं खाता, ताई. मी पातेल्यातलं."

"कुठलं पातेलं?"

त्या घरात लहानाची मोठी झालेली बाई विचारत होती, कुठलं पातेलं! शेगडीच्या कडेचं ते पातेलं तिने जन्मभर बघितलं होतं, पण तेही कोणाचं तरी जेवण असतं हे तिच्या डोक्यात कधी आलंच नव्हतं. धाकटी सांगत गेली. आई हाताने कसं कालवतात, किती वेळ ते तसंच राहतं, उन्हाळ्यात कधी कधी त्याला कसा आंबूस वास येतो, आणि तो वास आला तरी टाकायचं कसं नसतं.

 आपल्या धंद्यातली एक गोष्ट ताईला पाठ होती. विषमज्वर होऊन गेलेल्या काही माणसांच्या पित्ताशयात ते जंतू बिऱ्हाड करतात. माणूस ठणठणीत असतो, त्याला काहीच होत नाही. पण शौचातून जंतू बाहेर पडत राहतात, आणि हात नीट धुतले नाहीत तर हातावाटे अन्नात जातात. उकळत्या अन्नात मरतात. कोमट कालवलेल्या अन्नात मात्र दुपारभर त्यांची जत्रा भरते. म्हणजे या घरात रोग जातपात बघत नव्हता, माहेर बघत नव्हता. फक्त पंगत बघत होता.

दुसऱ्या दिवशी दुपारी, जेवणाच्या जरा आधी, ती घरी गेली आणि पळीकाकूंपुढे झाकणाची एक डबी ठेवली.

"काय आणलंस?"

"रिकामी आहे, आई. तू भरून द्यायची आहेस."

"कशाने?"

ताईने सांगितलं. त्यानंतर पळीकाकूंच्या तोंडून जे बाहेर पडलं ते ऐकून कौलांवरचे कावळे लाजून उडून गेले, आणि त्यातला एक म्हणे पुन्हा त्या गल्लीत आलाच नाही.

"मी रोग वाटते? मी? या हातांनी तुला भरवलं, कार्टे! आणि ती कालची पोर तुला जवळची झाली? तिने शिकवलं हे तुला!"

"तिने काही शिकवलं नाही. आई, तुला कधी असा ताप आला होता?"

"आला होता तर! याच घरात, लग्न झालं त्याच वर्षी. केस गेले झडून, भानावर नव्हते मी. पण माहेरी नाही पळाले. उठले आणि पदर खोचून कामाला लागले. आताच्या पोरींसारखी काचेची नव्हते मी."

"तेव्हा तू कधी जेवायचीस?"

"सगळ्यांचं झाल्यावर. सून आणखी कधी जेवते? सासूबाई कालवून ठेवायच्या पाते..."

पळी हवेतच थांबली. क्षणभर, फार नाही. मग पळीकाकूंनी ती भांड्यावर अशी आदळली की काठाला पोचा पडला. "निघ माझ्या स्वयंपाकघरातून!"

वखारवाले जेवायला येऊन बसले होते. इतका वेळ ते भाताची वाट बघत होते. बायकांच्या बोलण्यात लक्ष घालायची त्यांना सवय नव्हती. पण एक गोष्ट त्यांच्या कानात अडकली.

"थांब गं. हिच्या हातचं खाऊन हा ताप होतो, म्हणतेस?"

"मला तसा संशय आहे. तपासल्यावर कळेल."

"मग मलाही होऊ शकतो?"

"होऊ शकतो, अण्णा. भात एखाद दिवशी निवलेला निघाला, की झालं."

एक सून स्मशानात पोचवली, एक सोडली, तिसरी दवाखान्यात टाकली, तेव्हा ज्या कपाळावर साधी आठी पडली नव्हती त्या कपाळावर घामाचे थेंब आले. वखारवाल्यांनी पुढ्यातलं ताट पायाने दूर लोटलं. बायकोकडे न बघता म्हणाले, "आजपासून माझ्या अन्नाला हात लावायचा नाही. आणि ती डबी मुकाट्याने भर."

चाळीस वर्षं त्या माणसाला वाफेचं वाढणाऱ्या पळीकाकू त्या लोटलेल्या ताटाकडे बघत राहिल्या. मग डबी उचलून आत गेल्या. तीन पोरींच्या जिवाने जे झालं नाही ते एका पोटाच्या भीतीने झालं.

डबीत तेच जंतू निघाले.

औषधं सुरू झाली, ती बरेच दिवस चालली. तोवर घरात डबा खानावळीतून येऊ लागला. वखारवाले त्यातला भात उचलून नाकाशी नेत आणि खानावळवाल्याच्या सात पिढ्या उद्धरत. पळीकाकू रिकाम्या ओट्याशी बसून राहत. कोणी त्यांच्याशी धड बोलत नव्हतं. थोरला तर आईच्या हातचं पाणीही घेईना. ताई औषध घेऊन गेली की त्या दुसरीकडे तोंड फिरवत. एकदाच म्हणाल्या, "माझ्या सासूला कोणी डबी दिली नव्हती." ताईने गोळी आणि पाण्याचा पेला त्यांच्यापुढे सरकवला.

तिकडे धाकटी वाचली. आतड्याला भोक पडता पडता राहिलं. केस विरळ झाले, गाल बसले. दवाखान्यातून ती माहेरी गेली आणि रोज दाराकडे बघत राहिली.

पळीकाकूंची तपासणी पुन्हा पुन्हा झाली आणि स्वच्छ आली. साहेब खुर्चीत मागे रेलले. "फार छान काम केलंत. रोगाचा वाहक सापडला, बरा झाला. प्रकरण मिटलं. आता निबंध लिहून काढा."

"आणि पातेलं?"

"कुठलं पातेलं?"

ताईने सांगितलं. साहेब हसले. "अहो, जंतू गेला ना? मग पातेल्यात काय आहे! कोणी कधी जेवायचं हा घरगुती प्रश्न आहे. तो आपल्या शास्त्रात येत नाही."

"साहेब, त्या घरात पाच माणसं एकच अन्न खात होती. मेली ती शेवटी खाणारी. हे शास्त्रात येत नसेल तर शास्त्रात काय येतं, नळ?"

"तुम्ही चिडलात."

"चिडले आहे. वस्त्यांतून आपण इतकी वर्षं विचारत फिरलो, काय खाल्लंत, कुठलं पाणी प्यायलात, हात कशाने धुतलेत. घरात शेवटी कोण जेवतं, हे एकाही दारात विचारलं नाही. मीसुद्धा."

"विचारून बघा. दार तोंडावर आपटतील."

"आपटू देत. मी पुढचं दार वाजवीन."

धाकट्याने बायकोला आणायला जायचं तर त्याचे पाय जड झाले. अण्णा हो म्हणत नव्हते आणि नाहीही म्हणत नव्हते. शेवटी ताईने त्याला विचारलं, "तुझी बायको रोगट नव्हती, तुझं घर रोगट होतं. आता सांग, घर टाकतोस की तिला आणतोस?" त्याने तिला आणलं.

ती आली त्या रविवारी पळीकाकू पुन्हा ओट्याशी उभ्या होत्या. राज्य परत मिळालेल्या राणीसारखी कंबर ताठ. खानावळ बंद झाली होती. भात शिजत होता, आणि शेगडीच्या कडेला रिकामं पातेलं घासून पालथं घातलेलं होतं.

ताईने ते बघितलं. "आई, हे कशाला काढलंस?"

"का? जंतूबिंतू गेले ना माझे? तुझ्याच केंद्राने लिहून दिलंय. मग आता काय अडचण आहे?"

"बरोबर आहे," पाटावरून वखारवाले म्हणाले. "रोग गेला, घर पहिल्यासारखं झालं. वाढ."

थोरला बसला, धाकटा बसला, ताई बसली. पळीकाकूंनी भाताचं झाकण उचललं, वाफ छतापर्यंत गेली. तेवढ्यात धाकटी आतून आली. हातात ताट होतं. ती ताईच्या शेजारी मांडी घालून बसली आणि ताट समोर ठेवलं.

कोणाला काही कळेना. वखारवाल्यांना वाटलं, पोरीला चक्कर आली.

"काय गं, बरं वाटत नाही का?"

"बरं वाटतंय, अण्णा. भूक लागलीय."

"भूक लागली तर थांबायचं असतं," पळीकाकू म्हणाल्या. "पुरुष बसलेत. ऊठ."

"नाही उठणार."

धाकटा कुजबुजला, "अगं, आज पहिलाच दिवस आहे. नंतर बघू आपण."

"नंतरचं खूप खाल्लं मी," ती म्हणाली. तिची मांडी हलली नाही. "डॉक्टरांनी ताजं खायला सांगितलंय, ते जाऊ दे. डॉक्टरांनी सांगितलं नसतं तरी मी इथेच बसले असते."

वखारवाल्यांनी हातातला पेला खाली आदळला. "सुनेच्या पंगतीला बसून जेवायची वेळ आली नाही माझ्यावर अजून!" आणि ते उठले. त्यांच्यामागे थोरलाही उठला. धाकटा गुडघ्यावर हात टेकून अर्धवट उठला आणि तसाच राहिला. बसलेला म्हणावा तर बसलेला नाही, उठलेला म्हणावा तर उठलेला नाही. ताई आपल्या जागेवर घट्ट बसून होती.

"मी तुला वाढणार नाही," पळीकाकू म्हणाल्या.

"वाढू नका. मी घेते."

धाकटी उठली. पळीकाकूंच्या बाजूने हात घालून तिने आजवर कधी न उघडलेलं ते भांडं पुढे ओढलं, ताटात भात घेतला, भाजी घेतली. 

"माझ्या सासूपुढे मी असं केलं असतं ना, तर..."

"केलं असतंत, आई, तर थोरल्या जाऊबाई आज जिवंत असत्या."

दाराशी पाठमोरा उभा असलेला थोरला वळला नाही, पण त्याचा हात चौकटीवर गेला.  पळीकाकूंनी पळी ओट्यावर ठेवली आणि मोरीकडे तोंड करून उभ्या राहिल्या. रडत होत्या की रागाने फुगल्या होत्या, ते पाठीवरून कळत नव्हतं. धाकटी पुन्हा खाली बसली. पहिल्याच घासाला जीभ पोळली. वाफेच्या भातावर फुंकर घालायची असते, हे त्या घरात आल्यापासून ती विसरूनच गेली होती. तिने फुंकर घातली आणि दुसरा घास घेतला.

त्या घरातलं भांडण अजून मिटलेलं नाही. वखारवाले वखारीत जेवतात. धाकटी पहिल्या पंगतीला बसते. कधी तिच्याबरोबर नवरा असतो, कधी नसतो.

ताई मात्र वस्त्यांतून फिरते आहे. हातात तेच पाणी तपासायचं सामान, तोंडात नवा प्रश्न. आजवर लोकांनी तिला शौचालयाबद्दल सांगितलं, जुलाबांबद्दल सांगितलं, नवऱ्याच्या दारूबद्दलसुद्धा सांगितलं. पण "घरात शेवटी कोण जेवतं?" असं विचारलं की चहाचा कप मागे घेतला जातो. एका भल्या गृहस्थाने तिला पायरी उतरायला लावली आणि म्हणाला, आमच्या घरात असले रोग नाहीत.

ती तुमच्याही दारात येईल. तिला काय सांगायचं ते तुमचं तुम्ही ठरवा. पण वर्तमानपत्राची ही पुरवणी निवांत हातात घेऊन तुम्ही इथवर वाचत आलात, त्याअर्थी तुमचं जेवण झालं आहे. आत भांड्यांचा आवाज येतो आहे. तो कोण करतंय, आणि त्या व्यक्तीचं जेवण झालं का, एवढं उठून बघा.